बोट दहाला सुटली, नऊला पोचली



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं परदेशात आहेत. तिकडं दोन-तीन महिने राहून आलेली बाई बस्तीत भेटली की हवापाणी, नातवंडं झाल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. तिथं संध्याकाळच्या जेवणाची वेळ कुठली धरायची? आपल्याकडच्या दिनदर्शिकेतली, की तिथल्या घड्याळातली? आणि मार्च-ऑक्टोबरमध्ये ते घड्याळ पुढं-मागं करतात तेव्हा नियमाचं काय होतं?

याचं सरळ उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आपण जिथं आहोत तिथला सूर्य धरायचा. पण ते सांगणं सोपं आणि पाळणं किती गुंतागुंतीचं, हे २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये मी आणि माझी थोरली जाऊ (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो) स्पेनला राहिलो तेव्हा समजलं. पाच आठवड्यांत शेजारच्या दोन देशांतला वेळेचा फरक तीन वेळा बदलला. तो सगळा हिशेब आज सविस्तर लिहिते. कुणाला तिकडं जायचं असेल तर उपयोगी पडेल.

पुतणी, म्हणजे अक्कांची मुलगी, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा शहरात नोकरी करते. तिच्या कंपनीचं निम्मं काम समुद्रापलीकडं मोरोक्कोतल्या टँजियर शहरात चालतं. मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी हे पाणी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. हवा स्वच्छ असली की स्पेनच्या टारिफा गावातून आफ्रिकेचे डोंगर दिसतात. इतके हे शेजारी.

आता वेळेचं बघा. स्पेन हिवाळ्यात ग्रीनिचच्या एक तास पुढं असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दोन तास पुढं. मोरोक्कोनं २०१८ च्या ऑक्टोबरात ठरवलं, की वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढंच राहायचं, मागं-पुढं करायचं नाही. फक्त रमजानचा महिना सोडून. रमजानच्या आधीच्या रविवारी ते घड्याळ एक तास मागं घेतात आणि ईद झाल्यावर येणाऱ्या रविवारी परत पुढं करतात. कारण साधं आहे. रोजा सूर्यास्ताला सुटतो. घड्याळ एक तास मागं घेतलं की सूर्यास्त घड्याळात एक तास लवकर येतो, ऑफिस सुटलं की माणूस थोड्या वेळात ताटावर. सूर्य तिथंच, उपास तेवढाच, पण घड्याळ बघून जीव जरा हलका होतो म्हणतात.

२०२४ साली रमजान मार्चात आला. १० मार्चला मोरोक्को एक तास मागं गेला. त्या आधी मालागा आणि टँजियर यांची वेळ एकच होती, १० तारखेपासून एका तासाचा फरक पडला. ३१ मार्चला स्पेन एक तास पुढं गेला, फरक दोन तास. १४ एप्रिलला मोरोक्को परत पुढं आला, फरक पुन्हा एक तास. शून्य, एक, दोन, एक. पुतणीनं हे फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. तरी रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती त्या कागदापुढं उभी असायची.

तिची रोजची मीटिंग मालागाच्या दहाला ठरलेली. टँजियरच्या लोकांना ती आधी दहाला, मग नऊला, आणि ३१ मार्चनंतर आठला पडायला लागली. पहाटे सहरीला उठून, नमाज करून परत जरा आडवी झालेली माणसं आठला कशी येणार? कुणी झोपेत, कुणी रस्त्यात. एका सहकाऱ्याच्या जुन्या फोननं १० मार्चला वेळ बदललीच नव्हती, तो बिचारा दोन दिवस एकटाच एक तास आधी येऊन बसत होता. शेवटी हिनंच मीटिंग आपल्या दुपारी बारावर नेली, म्हणजे त्यांच्या दहावर. मला हे फार आवडलं. उपाशी माणसाच्या वेळेला आपण सरकून घ्यायचं.

स्पेन-पोर्तुगालच्या बाबतीत असली भानगड नाही. ते शेजारी आहेत, त्यांच्यात एका तासाचा फरक आहे, पण युरोपीय संघातले देश सगळे एकाच क्षणी बदलतात, ग्रीनिचच्या रात्री एकला. त्यामुळं फरक कायम. गोंधळ होतो तो एक शेजारी बदलतो आणि दुसरा बदलत नाही, किंवा दोघं वेगवेगळ्या तारखांना बदलतात तेव्हा.

अक्कांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांचं वय अडुसष्ट. लग्नाच्या आधीपासून त्यांना रात्रिभोजनाचा त्याग आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, आणि दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन घटिका सोडायच्या हे त्यांचं पक्कं. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी तोंडात पहिलं पाणी आणि सूर्यास्ताच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी चूळ.

कोल्हापुरात एप्रिलच्या सुरुवातीला हे सकाळी सात-सव्वासात ते संध्याकाळी सहाच्या आत बसतं. मालागात अक्कांचा सकाळचा चहा पावणेनऊला! कारण तिथं एप्रिलमध्ये सूर्यच आठला उगवतो. आणि मावळतो पावणेनऊला. पहिले चार दिवस त्या खिडकीत बसून पूर्वेकडं बघत म्हणायच्या, "या देशात सूर्यालापण उशिरा उठायची सवय लागलीय काय गं?"

पुतणीनं मग नकाशा काढून दाखवला. मालागा लंडनपेक्षाही पश्चिमेला आहे. खरं तर त्यांचं घड्याळ लंडनबरोबर असायला पाहिजे. पूर्वी होतंही. १९४० च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीत स्पेननं घड्याळ एक तास पुढं करून जर्मनीच्या वेळेशी जुळवलं, ते परत मागं आलंच नाही. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळं एप्रिलमध्ये मालागात सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी. आपण म्हणतो स्पॅनिश लोक किती उशिरा जेवतात, दुपारी दोन-अडीच, रात्री नऊ. अक्का त्यावर म्हणाल्या, "उशिरा कुठं? सूर्याच्या बाराला जेवतात की." आणि खरंच, घड्याळ बाजूला ठेवलं तर त्यांचं रात्रीचं नऊचं जेवण सूर्याच्या हिशेबानं पावणेसातच्या आसपास येतं. फक्त हॉटेलची स्वयंपाकघरं आठ-साडेआठशिवाय चालू होत नाहीत आणि आपल्याला आठला पाच कमी असताना चूळ भरायची असते. त्यामुळं आम्ही बाहेर संध्याकाळचं जेवलो असं एकदाही झालं नाही. सात वाजता घरी आमटी-भात, सोबत कोल्हापूरहून नेलेली शेंगाचटणी.

३१ मार्चची गंमत सांगते. ३० तारखेला मालागात सूर्यास्त सात चाळीसच्या सुमारास होता. दुसऱ्या दिवशी आठ चाळीस. एका रात्रीत एक तास! पुतणीच्या एका ओळखीच्या बाईंनी फोन करून हिला सांगितलं, की आता बरं झालं, जेवायला एक तास जास्त मिळाला. अक्कांनी ते ऐकलं आणि हसत सुटल्या. सूर्यानं एक मिनिटाच्या वर काही दिलं नव्हतं. त्या आदल्या दिवशी जेवल्या तेव्हा समोरच्या इमारतीची सावली ज्या बाल्कनीपर्यंत आली होती, दुसऱ्या दिवशी तिथंच आल्यावर त्या जेवायला उठल्या. घड्याळात फक्त आकडा वेगळा. आणखी एक गोष्ट इथं ध्यानात ठेवा. छापील तक्त्यांमधून सूर्यास्त बघत असाल तर तो तक्ता उन्हाळी वेळ धरून केलाय की हिवाळी, ते आधी बघा. काही तक्ते वर्षभर एकाच वेळेत दिलेले असतात, त्यात मार्च ते ऑक्टोबर एक तास मिळवावा लागतो. फोनवरचं हवामान बघितलंत तर तिथं गावाच्या चालू घड्याळानंच सूर्यास्त दिसतो, त्यात मिळवायचं काही नाही. दोन्हीची सरमिसळ केली की एक तास हकनाक इकडचा तिकडं होतो.

आता आमच्या घरची अडचण. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, कोल्हापुरात. घरी माझे यजमान आहेत, थोरले दीर आहेत, स्वयंपाकाला बाई आहे. पण पंचेचाळीस वर्षं त्यांना संध्याकाळचं ताट अक्कांनी वाढलंय. आता अक्का समोर नाहीत तर निदान त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय सासूबाई घास उचलायला तयार नाहीत. नियम नव्हे, हट्ट. पण त्या वयात हट्टापुढं कोण बोलणार? साडेपाचला फोन यायचा, त्या "जेवते गं" म्हणायच्या आणि जेवायच्या. जेवल्यावर साखरेची गोळी. फोन उशिरा आला आणि सहा वाजून गेले तर त्या जेवणार नाहीत, पाणी पिणार नाहीत, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मधुमेहाच्या माणसानं अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तेरा तास बिनपाण्याचं राहायचं ते वेगळं, पण दुपारपासून पोटात काही नसताना रात्र काढायची म्हणजे घरातल्या सगळ्यांची झोप गेली. निघण्याआधी डॉक्टरांनी दिरांना एवढंच बजावलं होतं, की जेवणाची वेळ चुकवू नका.

म्हणजे कोल्हापूरचे साडेपाच चुकायला नकोत. मार्चमध्ये मालागात तेव्हा दुपारचा एक. ३१ मार्चनंतर दुपारचे दोन. आणि आम्ही तीन दिवस टँजियरला जाणार होतो, तिथं रमजानच्या वेळेत दुपारचे बारा. पुतणीनं फोनमध्ये गजर लावायला सुरुवात केली तर अक्का म्हणाल्या, राहू दे. त्यांच्या मनगटावर लग्नातलं एचएमटीचं किल्लीचं घड्याळ आहे. मुंबईच्या विमानतळावर चढल्यापासून त्यांनी त्याचे काटे हलवलेच नव्हते. दीड महिना ते घड्याळ कोल्हापूरच्या वेळेवर चाललं. रोज रात्री किल्ली द्यायची, साडेपाच वाजले की फोन लावायचा, मग आम्ही स्पेनमध्ये असू, बोटीवर असू नाहीतर आफ्रिकेत. अक्कांची वाटणी अशी होती: जेवण सूर्यावर, फोन एचएमटीवर, बाकी सगळं पोरीवर.

ज्यांच्याकडं असं घड्याळ नाही त्यांच्यासाठी पुतणीची रीत सांगते. एका देशाची वेळ थेट दुसऱ्या देशात बदलायला जाऊ नका, ग्रीनिचवरून जा. आपल्याकडं कसं, कुठून कुठंही जायचं असलं तरी मिरज जंक्शनला उतरून गाडी बदलतो, तसं. ग्रीनिच कधी हलत नाही. भारत त्याच्या साडेपाच तास पुढं, कायम. मग समोरचा देश त्या दिवशी, त्या तारखेला ग्रीनिचच्या किती पुढं आहे एवढंच शोधायचं. सांगलीच्या साडेपाचातून साडेपाच तास गेले, ग्रीनिचला बारा. टँजियर रमजानमध्ये ग्रीनिचबरोबर, म्हणून बारा. मालागा उन्हाळ्यात दोन तास पुढं, म्हणून दोन. फक्त ग्रीनिच म्हणजे लंडनचं घड्याळ असं समजू नका. लंडनसुद्धा उन्हाळ्यात एक तास पुढं जातं, ग्रीनिचची वेळ आहे तिथंच राहते.

५ एप्रिलला, शुक्रवारी, आम्ही टँजियरला निघालो. पुतणीचं तिथं काम होतं, आणि आम्हालाही पाणी ओलांडून जायचं अप्रूप. पहाटे गाडीनं टारिफा, तिथून बोट. बोट दहाला सुटली. तासाभरानं टँजियरच्या धक्क्यावर उतरलो तर भिंतीवरच्या घड्याळात नऊ. अक्कांनी एचएमटी बघितलं, अडीच. "बरोबर आहे," म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

टँजियरमध्ये आम्ही एका छोट्या घरगुती निवासात उतरलो. चालवणाऱ्या बाई साठीच्या, स्पॅनिश छान बोलणाऱ्या, त्यामुळं पुतणीचं त्यांच्याशी जमलं. अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. रमजानमध्ये दिवसा बहुतेक खाण्याची ठिकाणं बंद. सूर्य मावळला की सगळं उघडणार, सगळं गाव जेवायला बसणार. आणि आमचं नेमकं तेव्हा बंद! टँजियरमध्ये त्या दिवशी सूर्यास्त पावणेसातच्या पुढं होता. म्हणजे आमची चूळ सहाला. आमच्याकडं दशम्या होत्या, मेतकूट, भडंग, चटणी होतं, पाणी गाळून उकळून घ्यायला एक शेगडी पाहिजे होती. पण उपास धरलेल्या बाईच्या घरात, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन, तिच्या समोर जेवायचं? अक्कांना ते पटेना. त्या म्हणाल्या, खोलीत दार लावून फळं खाऊ, पाणी सकाळचं आहे ते चालेल. मी म्हटलं, सकाळचं उकळलेलं आहे म्हणून चालेल, पण उद्याचं काय?

शेवटी पुतणीनं बाईंना सरळ सांगितलं. माझी आई सूर्य मावळल्यावर खात-पीत नाही. बाईंना आधी वाटलं, आजारपण असेल. मग कळल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि अक्कांकडं बघत राहिल्या. किती वर्षं, असं विचारलं. पुतणी म्हणाली, पन्नास झाली असतील. पाणीपण नाही? पाणीपण नाही. मग हसून म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दिवसाचा रोजा धरतो आणि तुम्ही रात्रीचा." आणि उठून शेगडी मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनीच दार वाजवलं. टेबलावर धुतलेली संत्री, खजूर, आमच्यासाठी रिकामं पातेलं. मधात बुडवलेली एक मिठाईही होती, रमजानमध्ये तिथं घरोघरी असते. मध आम्हाला चालत नाही हे सांगताना पुतणी जरा अडखळली, पण बाईंनी ताटली उचलली आणि काही विचारलं नाही. अक्का दशमी खात होत्या आणि बाई शेजारी उभ्या राहून आपल्या इफ्तारची घडीची पोळी लाटत होत्या. पोटात सकाळपासून पाणी नाही, समोर दुसरं माणूस जेवतंय, हात चाललेत. मध्येच त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अक्कांनीही त्याच वेळी बघितलं. दोघी एकाच सूर्याकडं बघत होत्या, एक अजून किती वेळ आहे म्हणून, दुसरी अजून किती वेळ राहिला म्हणून.

सहाला अक्कांनी चूळ भरली. पावणेसातनंतर गल्ली अशी शांत झाली की मांजराचं पाऊल ऐकू यावं. मग अजान झाली आणि बाईंनी खजूर तोंडात घातला. आम्ही तिघी त्यांच्याजवळ बसून होतो. अक्कांनी त्यांना पाण्याचा पेला भरून दिला. स्वतःला रात्रीचं पाणी नाही, पण दुसऱ्याच्या पारण्याला पाणी द्यायला काय हरकत?

रात्री पुतणीनं मला लेबनॉनची गोष्ट सांगितली. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं ऐन वेळी जाहीर केलं, की या वर्षी घड्याळ रमजान संपल्यावर पुढं करू. मारोनाइट चर्चनं मानलं नाही, त्यांनी ठरल्या रविवारी घड्याळ पुढं केलं. दोन-चार दिवस एकाच शहरात दोन वेळा चालू, कुठली शाळा कुठल्या वेळेवर तेच कळेना. मग सरकारनं निर्णय फिरवला. मला ते ऐकून वाईट वाटलं. धर्माच्या नियमाला घड्याळ लागत नाही, सूर्य लागतो, आणि तो सगळ्यांना फुकट दिसतो.

रविवारी परतीची बोट दुपारी तीनची. तासाचा प्रवास, पण टारिफाला उतरलो तेव्हा सहा! पुतणी गाडीत बसल्या बसल्या घाईला आली. "दोन तास गेले, काकू. घरी पोचेपर्यंत सव्वाआठ. आईची वेळ आठला पाच कमी. आता थांबलो तर आजचं गेलं." ती वेगानं चालवायला लागली, आणि तो किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता. मी दोनदा म्हटलं हळू, पण लेकीला आईच्या उपासाची काळजी.

अक्कांनी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. डोंगरावर एक मोकळी जागा होती, तिथून सामुद्रधुनी दिसते, पलीकडं मोरोक्को. म्हणाल्या, "दोन तास कुठं गेलेत? सूर्य बघ की कुठं आहे. बोटीत एक तास गेला, तेवढाच." आणि सूर्य खरंच अजून चांगला वर होता, मावळायला अडीच तास. डिकीतून डबा काढला. दगडावर बसून दशमी, चटणी, बाईंनी बांधून दिलेली संत्री खाल्ली. साडेसहाला चुळा भरल्या आणि मग सावकाश घरी आलो, साडेआठनंतर, दिवे लागायच्या वेळेला. त्या अर्ध्या तासात पुतणी काही बोलली नाही. गाडी मात्र नीट चालवली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कोल्हापूरला फोन लावला तेव्हा अक्का सासूबाईंना सगळं सांगत होत्या, की आई, इथं घड्याळ पुढं करतात, पलीकडं मागं करतात. मला वाटलं त्यांना काय कळणार. तर म्हणाल्या, "आमच्या लहानपणी लढाईत केलतं की." आणि बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ आपल्याकडं घड्याळं एक तास पुढं होती. सासूबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या, बेळगावात. त्यांचे वडील कचेरीला नव्या वेळेनं जायचे आणि घरी आजी म्हणायची, तुझी कचेरी काय म्हणायची ती म्हणू दे, चूल माझ्या वेळेला विझणार. मुंबईत तर १९५५ पर्यंत निराळी मुंबईची वेळ चालायची, भारताच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. नेपाळ आजही आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे. २००९ साली बांगलादेशानं सहा महिने घड्याळ पुढं केलं, तेव्हा एरवीचा आपल्याशी अर्ध्या तासाचा फरक दीड तासाचा झाला होता. आपल्याला वाटतं, हे सगळं गोऱ्यांचं खूळ. तसं काही नाही.

पुतणीचं आता सांगते, कारण कितीतरी मुलींचं असंच असतं. स्पेनला गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत तिचा नियम सुटला होता. तिनं लपवलं नाही. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो तेव्हा ती ऑफिसात, उन्हाळ्यात साडेनऊनंतर मावळतो तेव्हा वेळच वेळ, पण सवय गेलेली. घड्याळ बदललं की रोजचा क्रम मोडतो आणि नियम क्रमावर बेतलेला असला की तोही मोडतो. अक्का तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. टँजियरहून आल्यावर तिनं आपणहून अष्टमी-चतुर्दशीचा नियम घेतला. मग पर्युषणाचे दहा दिवस केले, सप्टेंबरात, तेव्हा सूर्यास्त साडेआठच्या आसपास होता म्हणून सोपं गेलं, असं स्वतःच म्हणाली.

२०२४ च्या २७ ऑक्टोबरला स्पेनचं घड्याळ मागं जायचं होतं. शनिवारी मालागात सूर्यास्त साताच्या पुढं, साडेसातच्या आत, आणि रविवारी एकदम साडेसहाच्या आत. म्हणजे तिची चूळ पाच चाळीसला, आणि ऑफिस सुटतं सहाला. फ्रिजवरच्या कागदावर तिनं शेवटची ओळ लिहिली आहे, "२७ ऑक्टोबर: टँजियरशी फरक शून्य, मीटिंग परत दहाला, जेवण ऑफिसात." तीन कप्प्यांचा डबा घेतलाय. काल विचारत होती, दशमी दुधात भिजवायची की सायीत, आणि किती दिवस टिकते. मी सांगितलंय सगळं. मेतकूट आणि भडंगाचं पार्सल सोमवारी टाकतेय. अक्का त्यात एचएमटीला लागणारा नवा पट्टाही घालायला सांगतायत, लेकीला म्हणून. घड्याळ आधीच तिच्याकडं आहे, एप्रिलमध्येच देऊन आल्या.